पहिल्या मीटिंगला जाताना

भाऊ, दारू सोडायला ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेले ग्रुप) पहिल्या मीटिंगला कसं जायचं, हे विचारलंत ते फार बरं केलंत.

आधी तब्येतीचं. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेततं. म्हणून डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा, सिव्हिलला गेलात तरी चालेल. मीटिंग म्हणजे औषधोपचार नव्हे.

मग ए.ए.चा जवळचा ग्रुप शोधा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, फोन मोफत. ओळखीचं कोणी दिसेल अशी धास्ती वाटत असेल तर नाशिकच्या सिडकोत राहत असलात तरी पंचवटीत किंवा नाशिकरोडला जा, पण जा. मी पहिल्या दिवशी दारातून दोनदा मागे फिरलो होतो. शेवटी आत गेलो तर एका काकांनी चहा दिला. माझा हात कापत होता, ते बघून त्यांनी कप अर्धाच भरला. आडनाव कोणी विचारलं नाही.

नवीन माणसाच्या नेहमीच्या चुका:
- "आधी सोडतो, मग येतो." सोडायची इच्छा एवढीच अट आहे, फी नाही.
- एकाच मीटिंगवरून मत बनवणं. निदान पाच-सहा करा, ग्रुपही बदलून बघा.
- संपली की लगेच निघणं. थांबा, दोघा-तिघांचे नंबर घ्या आणि तलफ आली की पिण्याआधी फोन करा.

बोलायलाच हवं असं नाही, नुसतं ऐका. बारा पायऱ्यांचं, म्हणजे ए.ए.च्या टप्प्याटप्प्याच्या कार्यक्रमाचं, नंतर बघू. वहिनींसाठी अल-अॅनॉन हा घरच्यांचा वेगळा ग्रुप असतो, त्यांनाही सांगा.

आज संध्याकाळी कुठे जाताय, ते कळवा.