उंच माणसाची एक्सरसाइज बाइक: सीट वरच नाही, मागेही हवी

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची सहा फूट चार इंच, घरी साधी उभ्या बसणीची एक्सरसाइज बाइक आणली, सीट शेवटच्या भोकावर नेली तरी गुडघे हँडलला लागून राहिले, पंधरा-वीस मिनिटांत गुडघ्याच्या वाटीभोवती दुखायला लागतं, आणि दुकानदार म्हणतो "सवय होईल". बाइक विकावी की तिच्यात काही करता येईल, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

सवय होणार नाही. चुकीच्या मापाची सवय गुडघ्याला होत नाही, गुडघा फक्त सहन करतो. जिमच्या आणि घरच्या मशीन बसवणं, दुरुस्त करणं हे माझं नागपुरातलं रोजचं काम आहे. उंच माणसांच्या घरी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: सगळे सीट वर न्यायच्या मागे लागतात, आणि बाइकमध्ये उंचीइतकीच, किंबहुना उंचीपेक्षाही जास्त अपुरी पडते ती सीटपासून हँडलपर्यंतची लांबी. तुमचे गुडघे हँडलला लागतात याचा अर्थ तोच. सीट आणखी चार भोकं वर गेली तरी ती भोकं एकाच सरळ रेषेत असतील तर हँडल तिथेच राहणार.

आधी माप घ्या. उंचीचं नाही, पायाचं. सहा फूट चार इंचाच्या दोन माणसांच्या पायांत सहज पाच-सहा सेंटीमीटरचा फरक निघतो. एकाचं धड लांब, दुसऱ्याचे पाय लांब. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहा, पायांत वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं एखादं पुस्तक दोन पायांमध्ये धरा, त्याची एक कड भिंतीला सपाट लावा आणि पुस्तक वर ओढा, सीटवर बसल्यावर जांघेत जितका दाब येतो तितका येईपर्यंत. पुस्तकाची वरची कड भिंतीवर जिथे येते तिथे पेन्सिलची खूण करा, आणि तिथून जमिनीपर्यंत टेपने मोजा. दोन-तीनदा करा, कारण पहिल्या वेळी सगळेच पुस्तक सैल धरतात आणि माप कमी येतं.

समजा माप 92 सेंटीमीटर आलं. आता दोन जुने हिशेब वापरता येतात. इंग्लंडमध्ये हॅम्ली आणि थॉमस यांनी 1967 मध्ये मांडलेला हिशेब असा की पेडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर पायाच्या मापाच्या 109 टक्के असावं, पेडल सर्वांत दूर असताना. म्हणजे तुमच्यासाठी साधारण 100 सेंटीमीटर. दुसरा हिशेब तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडमुळे गाजला: पायाचं माप गुणिले 0.883, आणि हे मोजायचं क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, ज्या आसाभोवती फिरतो त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत. 92 ला ते 81.2 येतं. क्रँक 17 सेंटीमीटर धरला तर पहिल्या हिशेबाने हेच अंतर 83 च्या पुढे जातं. दोन्हींत दोन सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणून कमी आकड्यापासून सुरुवात करा आणि पाय सांगेल तसं वर जा.

पाय सांगतो कसं? सीटवर सरळ बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला झुकायला नको. मग चवडा पेडलच्या आसावर आणा. आता गुडघा थोडा वाकलेला राहील. तो पूर्ण सरळ रेषेपासून 25 ते 35 अंश वाकलेला असावा. हे मोबाइलवर पाहता येतं. खुब्याच्या हाडावर, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि घोट्यावर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा. घरातल्या कुणालातरी बाजूला बसवून गुडघ्याच्या उंचीवरून, अगदी काटकोनात व्हिडिओ काढायला सांगा. पेडल खाली असतानाचं चित्र थांबवून तीन खुणा जोडल्या की कोन दिसतो. फोन तिरपा धरला तर कोन खोटा येतो.

यात एक गोष्ट हमखास सुटते. घरी आपण बहुतेक जण अनवाणी किंवा चप्पल घालून पेडल मारतो, आणि मग एके दिवशी जाड तळव्याचे बूट घालतो. तळवा दोन-अडीच सेंटीमीटर जाड असेल तर पाय तेवढा लांब झाला, म्हणजे सीट तेवढी बुटकी झाली. ज्या बुटांत चालवणार त्याच बुटांत हा कोन तपासा. आणि तुमच्यासारख्या शेवटच्या भोकावर बसलेल्या माणसाने तर पातळ, कडक तळव्याचेच बूट घ्यावेत. फुकटात सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर मिळतं.

आता मागे जाण्याचं. रस्त्यावरच्या सायकलची सीटची नळी मागे कललेली असते, साधारण 72-73 अंशांत, म्हणून तिथे सीट 5 सेंटीमीटर वर गेली की दीड सेंटीमीटरभर आपोआप मागेही जाते. घरच्या बऱ्याच स्वस्त बाइकची नळी जवळपास उभीच असते. सीट कितीही वर घ्या, मागे काही जात नाही. उंच माणसाची मांडी लांब, त्यामुळे गुडघा पेडलच्या पुढे निघून जातो आणि वर येताना हँडलवर आदळतो. खामल्यात एका निवृत्त काकांच्या बाइकवर मी पाहिलं होतं: हँडलच्या फोमला दोन्ही बाजूंना, बरोबर गुडघ्याच्या जागी, खोलगट वाट्या पडल्या होत्या. काका गुडघे वाचवायला पाय बाहेर फाकवून चालवायचे, आणि दुखायचा गुडघा नाही, खुबा. डॉक्टरांनी तपासून खुब्यात काही नाही असं सांगितलं होतं. बाइकच्या मापाकडे मात्र कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

तुमचा गुडघा कुठे येतो ते ओळंब्याने बघा. गवंड्याचा नसला तर जाड दोऱ्याला मोठा नट बांधा. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर करा, पुढच्या पायाच्या वाटीच्या खाली जे टेंगूळ लागतं तिथे दोरा धरा आणि ओळंबा सोडा. तो पेडलच्या आसाजवळ पडायला हवा. हा काही निसर्गनियम नाही, एक-दोन सेंटीमीटर मागेपुढे चालतं, पण तुमच्या बाबतीत तो बहुधा चार-पाच सेंटीमीटर पुढे पडेल. तसं असेल तर वाटीभोवतीच्या दुखण्याचं कारण शोधायला फार लांब जायला नको. सीट बुटकी आणि पुढे, हे दोन्ही मिळून गुडघ्याच्या पुढच्या भागावर येतं. सीट फार उंच झाली की दुखणं उलट गुडघ्याच्या मागे जातं, आणि कंबर डावी-उजवी डोलायला लागते. तेही लक्षात ठेवा, कारण दुरुस्ती करताना माणूस उत्साहात दुसऱ्या टोकाला जातो.

मागे जायचे मार्ग स्वस्तापासून सांगतो. सीटच्या खाली जो क्लँप असतो, त्याचा बोल्ट बऱ्याच बाइकवर नळीच्या पुढच्या बाजूला येईल असा बसवलेला असतो. क्लँप सैल करून उलटा फिरवा, बोल्ट नळीच्या मागे आणा, आणि सीट पुन्हा सरळ करून आवळा. एवढ्यानेच दोन-तीन सेंटीमीटर मिळतात, खर्च शून्य. त्यानंतरही कमी पडलं तर कंपनीने दिलेली रुंद, उशीसारखी सीट काढून साधी सायकलची सीट लावा, जिच्या खाली दोन लांब सळ्या असतात. त्या सळ्यांवर सीट मागे-पुढे सरकते. आधी आपल्या नळीचं टोक कसं आहे ते बघून घ्या. 22 मिलिमीटरची गोल खुंटी असेल तर सायकलवाल्याकडचा साधा क्लँप बसतो. चार बोल्टांची सपाट पट्टी असेल तर बसत नाही. सीट मागे घेतली की पेडलपासूनचं अंतर वाढतं, त्यामुळे उंची पुन्हा एकदा तपासा. सीटचा माथा पाणसळीने सपाट ठेवा. नाक खाली झुकलं की माणूस पुढे घसरतो, सगळा भार हातांवर येतो आणि करंगळीला मुंग्या येतात.

हँडल फिरतं का तेही बघा. क्लँपचा बोल्ट सैल करून पकडीची टोकं तुमच्यापासून दूर, पुढच्या बाजूला फिरवता येतात. नाडी मोजणाऱ्या पट्ट्यांची वायर आत असते, ती ताणली जाणार नाही इतपतच फिरवा. उंच माणसाला हँडल सीटच्या पातळीत किंवा थोडं वर बरं पडतं. पंख्याचं चाक आणि हलणारे दांडे असलेली एअर बाइक असेल तर मात्र इथे काही करायला जागा नसते; दांड्यांची जागा ठरलेली असते. तुमच्या उंचीच्या माणसाने ती घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि उंची कमीच पडत असेल तर? सीटची नळी ओढून किमान आत राहण्याच्या खुणेच्या वर नेऊ नका. ती खूण सोडून नळी वर नेली की सगळा भार नळीच्या शेवटच्या चार बोटांवर येतो, तिथेच तोंड फाकतं, आणि पडणारा माणूस नव्वद-शंभर किलोचा असतो. जुन्या नळीला मध्ये तुकडा जोडून वेल्डिंगही करू नका. वेल्डच्या कडेलाच ती मोडते. हिंगणा एमआयडीसीत किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडे जुनी नळी घेऊन जा आणि अखंड नवी करून घ्या: बाहेरचा व्यास अगदी तोच, पत्रा जुन्यापेक्षा जाड, पिनची भोकं तेवढ्याच अंतरावर, भोकांच्या कडा घासून साफ. सर्वांत वरच्या भोकावर असतानाही निदान 10 सेंटीमीटर नळी आत राहिली पाहिजे. लांबी ठरवताना घरातल्या बुटक्या माणसाचाही विचार करा, कारण लांब नळी पूर्ण खाली ढकलली तर आत क्रँकच्या पट्ट्याला घासू शकते. मूळ उंचीपेक्षा सात-आठ सेंटीमीटरच्या वर मी कुणालाच जाऊ देत नाही. नळी लांब झाली की बाइकचा पायाही अपुरा पडतो, जोरात पेडल मारताना ती डोलते. खाली 18 मिलिमीटरची प्लायवुड आणि रबरी मॅट टाका, पायांचे स्क्रू फिरवून डोलणं काढा. वॉरंटी यात जाते, हे धरून चाला.

लांब क्रँक बसवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच, उंच माणूस म्हटलं की देतातच. त्याच्या नादी लागू नका. क्रँक लांब झाला की गुडघा आणखी वर येतो, म्हणजे हँडलला आणखी जोरात लागतो. पेडल बदलायचं असेल तर जरूर बदला. अकरा-बारा नंबरच्या बुटाला पट्टा पुरत नाही आणि चवडा आसाच्या मागेच अडतो. बहुतेक ठिकाणी 9/16 इंचाचे आटे असतात, काही जुन्या बाइकवर अर्ध्या इंचाचे, ते बघून घ्या. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते सैल करायला पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, नाहीतर क्रँकचे आटेच खराब कराल.

आता विकायचं की ठेवायचं. क्लँप उलटा करून, सीट बदलून ओळंबा जागेवर येत असेल आणि उंचीला पाच-सहा सेंटीमीटरच कमी असेल, तर ठेवा. त्याहून जास्त कमी असेल तर विका आणि स्पिन बाइक बघा, जिची सीट वर-खाली आणि मागे-पुढे, दोन्ही होते, आणि हँडलही सरकतं. बर्डीला किंवा सदरला दुकानात जाताना टेप खिशात ठेवा. माणसाच्या उंचीचा जो आकडा खोक्यावर छापलेला असतो तो सोडा. सीट सर्वांत वर घ्या, पेडल खाली न्या, आणि पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजा. तुमचे 100 सेंटीमीटर येतात का, एवढंच बघा. वजनाची मर्यादाही तुमच्या वजनापेक्षा चांगली वीस-पंचवीस किलो वर असू द्या. स्पिन बाइकचं चाक सायकलसारखं मोकळं फिरत नाही, पाय थांबवले तरी पेडल फिरतच राहतात. पहिल्या दिवशीच ब्रेकची मूठ दाबून थांबायचा सराव करा. लांब पायाला फिरतं पेडल पोटरीवर फार जोरात लागतं.

सीट आज एकदम सात सेंटीमीटर वर नेऊ नका. आठवड्याला एक-दीड सेंटीमीटर, आणि त्या काळात जोर कमी ठेवा. गुडघ्याला सूज असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा दुपारी चालवू नका. पहाटे, कूलरसमोर, खिडकी उघडी ठेवून चालवा. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो आणि घाम वाळत नाही. चालवून झालं की सीटची नळी कोरड्या फडक्याने पुसा. घाम पिनच्या भोकात मुरतो आणि सर्वांत आधी तिथेच गंज चढतो, जिथे तुमचा सगळा भार असतो.

पायाचं माप, सीट शेवटच्या भोकावर असताना पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर, आणि ओळंबा आसाच्या किती पुढे पडतो, हे तीन आकडे इथे लिहा. सोबत सीटखालच्या क्लँपचा बाजूने काढलेला एक फोटो टाका. नळी करावी लागली तर लेथवाल्याला द्यायची मापं मी काढून देतो.