स्टॅबिलायझर काढू नको भाऊ, आधी गाडी वजनकाट्यावर घाल

शहाद्याचे भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि २०२२ चा मीच दिसलो. डिझेल थार, बंपर कंपनीचाच, पुढे ३ इंच लिफ्टच्या, म्हणजे गाडी तेवढी उंच करणाऱ्या, हेवी स्प्रिंगा टाकल्या, आता तोरणमाळकडच्या नाल्यात चाक हवेत राहतं आणि फिटर म्हणतो स्टॅबिलायझर रॉड (डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा, गाडी कलू न देणारा दांडा) काढून टाक, गाडी मोकळी होईल. अगदी हेच वाक्य मलाही ऐकवलं होतं.

लिफ्ट कशाला, किती, ते सगळं तुम्हाला माहितीच आहे, त्यात शिरत नाही. मी मेकॅनिक नाही, केळीवाला माणूस आहे, तेव्हा चुकत असेल तर जाणकारांनी दुरुस्त करा.

माझी चूक अशी की स्प्रिंग इंच बघून घेतली, वजन बघून नाही. त्या स्प्रिंगा लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी) लावलेल्या गाडीसाठी होत्या, माझ्या गाडीला दोन्ही नव्हतं. त्यामुळे पुढचं नाक सांगितलं त्यापेक्षा जास्त उचललं, आणि शॉकअप कंपनीचेच ठेवले म्हणून गाडी नुसती उभी असतानाच ते जवळजवळ पूर्ण ताणलेले. आता चाकाला खड्ड्यात खाली जायला जागाच उरली नाही तर ते हवेतच राहणार ना! दोष स्प्रिंगचा आणि शॉकअपचा, आणि फाशी दिली स्टॅबिलायझरला. थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर वेगळं वर-खाली होतं, तिथे आर्मची चालच मर्यादित, रॉड काढून मिळतं ते फार थोडं.

आणि जातं काय ते ऐका. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो रॉड नुसता फिरतो, काही करत नाही, एकच बाजू दबली की पिळला जातो आणि गाडीला कलू देत नाही. मी पुढचा काढला, मागचा तसाच राहिला, म्हणजे कलण्याला अडवायचं काम मागच्या बाजूवर जास्त आलं, त्यात गाडी उंच. कन्नड घाट उतरत होतो चाळीसगावकडे, आई आणि बायको सोबत, वळणावर ट्रक बंद पडलेला, मी स्टिअरिंग मारलं आणि परत घेतलं तर मागच्या बाजूने शेपूट फेकलं आणि गाडी कठड्यावर घासली. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण आईचा तो आवाज अजून कानात आहे.

त्यानंतर विमा ऑफिस. नाव घेत नाही. पाच चकरा मारल्या, दर वेळी नवा कागद, आणि शेवटी सर्व्हेअरने सस्पेन्शनमध्ये बदल असं लिहिलं आणि क्लेम नाकारला. १ लाख १८ हजार खिशातून गेले. हप्ता घेताना कोणी सांगितलं का बदल करायचे असतील तर आधी आम्हाला लेखी कळवा म्हणून? नाही. पण गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल चालणार नाही असं म्हटलंय, तेव्हा आरटीओ आणि विमा दोन्हीकडे आधी लेखी विचारा, मगच पाना लावा. मी वकीलही नाही, पण ही गोष्ट फार महागात शिकलोय.

आता तुमचं. तुमच्याकडच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर जा, सीझन नसेल तर काटा रिकामाच असतो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची, टाकी भरलेली आणि जेवढं सामान नेहमी असतं तेवढं ठेवून. त्या आकड्यावर स्प्रिंग मागा, लिफ्ट ४० ते ५० मिमीच्या वर नको, नाहीतर पुढच्या अ‍ॅक्सलच्या रबरी बुटांवर ताण येतो. शॉकअप त्याच स्प्रिंगच्या जोडीचे घ्या. कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कोन) तपासून अलाइनमेंट करा, रॉड ठेवा आणि लिफ्टला साजेशी लांब लिंक, म्हणजे रॉडचं टोक आर्मला जोडणारी दांडी, टाका.

कोणी जाड रॉड विकायला आला तर घाई करू नका. ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, २० चा २२ मिमी केला की जवळपास ४६ टक्के ताठ होतो, आणि नाल्यात पुन्हा तेच चाक हवेत. हव्या तेव्हा सोडता-जोडता येणाऱ्या लिंक मात्र चालतात, पण दोन्ही बाजूच्या सोडा, रॉड बांधून ठेवा म्हणजे ब्रेकच्या पाइपला घासणार नाही, पायी चालायच्या वेगाने जा, आणि डांबर लागायच्या आधी सपाट जागेवर परत जोडा. विसरलात तर माझ्यासारखं होईल.

आणि पावसाळ्यात काळ्या मातीत अडकत असाल तर सस्पेन्शनवर पैसे घालू नका, तिथे काम टायरचं आणि कमी हवेचं, मी १८-२० पीएसआयवर जातो आणि पंप सोबत ठेवतो.

काट्याची पावती टाका इथे, पुढचं मागचं वेगवेगळं, मग स्प्रिंगचं बघू.