इंग्रजी वाक्प्रचाराचं मूळ शोधताय? आधी साल बघा

इंग्रजी वाक्प्रचारांची मुळं शोधायला 'द होल नाइन यार्ड्स'पासून सुरुवात करू! अर्थ सरळ आहे: सगळंच्या सगळं, काही मागे न ठेवता. अमेरिकन बोलीतला प्रयोग; गप्पांत चालतो, औपचारिक पत्रात नको.

मुळाच्या बाबतीत मात्र जपून. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या मशीनगनला नऊ यार्डांचा काडतुसांचा पट्टा असायचा, ही कथा फार लोकप्रिय आहे, पण ती टिकत नाही. इंडियानातल्या एका वृत्तपत्रात १९०७ साली 'फुल नाइन यार्ड्स' आणि पुढच्याच वर्षी 'होल नाइन यार्ड्स' छापलेलं सापडतं. १९१२ मध्ये तर केंटकीत 'होल सिक्स यार्ड्स' आहे! आकडाच बदलत होता, मग नऊ यार्ड मोजून दाखवणारी कुठलीही कथा लंगडी पडते, काँक्रीटच्या ट्रकची असो वा कापडाच्या ताग्याची. आपल्या नऊवारीशीही नातं जोडू नका, मोह होतोच.

सध्या एवढंच सांभाळा:

- सर्वांत जुना छापील दाखला कोणत्या सालचा, ते आधी. कथा नंतर.
- आद्याक्षरांपासून शब्द बनल्याचा दावा दिसला की थांबा. जुन्या शब्दांबाबत तो बहुतेकदा खोटा निघतो.
- कोशात 'मूळ अज्ञात' असेल तर तेच लिहा. नवखे इथेच घाई करतात.

ध्वनिबदल, पोटभाषा वगैरे पुढे बघू. आता 'किक द बकेट' (म्हणजे मरणे) घ्या. इंग्रज कोशकार फ्रान्सिस ग्रोस यांच्या १७८५ च्या बोलभाषेच्या कोशात तो मिळेल.