वणव्यात जळालेल्या घराच्या राखेत दागिने शोधायला जावं का? आणि तो मलबा उचलतं कोण?

तुमच्या मावसभावाचं कॅलिफोर्नियातलं घर वणव्यात गेलं आणि वहिनी राखेतून मंगळसूत्र नि देव शोधायला निघाल्यात, असं तुम्ही लिहिलंय. जाऊ द्या त्यांना, फक्त आज-उद्या नको. धोकादायक वस्तू उचलणारं पथक येऊन गेलं की मग, आणि जेसीबी लागायच्या आत. मधल्या काळातच हे काम होतं.

मी लॉस एंजेलिसच्या आसपास माती आणि धुळीचे नमुने घेण्याचं काम करतो. 7 जानेवारी 2025 ला इथे पॅलिसेड्स आणि ईटन हे दोन वणवे एकाच दिवशी पेटले, दोन्ही मिळून 16,000 हून जास्त इमारती गेल्या. त्यानंतर ईटनच्या वणव्यात जळालेल्या अल्टाडीना भागात बराच फिरलो. खाली लिहिलंय ते त्या अनुभवावरून.

आपल्या लोकांना राखेची भीती वाटत नाही, हीच खरी अडचण. राखेने भांडी घासलेली माणसं आपण. पण ती चुलीतली, निव्वळ लाकडाची. घर जळतं तेव्हा रंग, पीव्हीसीचे पाइप, टीव्ही, फ्रीज, गाडी, गॅरेजमधली कीटकनाशकं, सगळंच जळतं. अमेरिकेत घरांच्या रंगातल्या शिशावर बंदी आली 1978 ला, आणि अल्टाडीनातली बहुतेक घरं त्याआधीची. जुन्या फरशांत आणि डक्टच्या वेष्टणात ॲस्बेस्टॉस असतो, प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक. भाऊंचं घर नवं असलं तरी शेजाऱ्याचं जुनं असू शकतं, आणि राख कुंपण बघून पडत नाही.

सरकारी सफाई दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात पर्यावरण खात्याची, म्हणजे ईपीएची माणसं पांढरे सूट नि श्वसनयंत्र घालून येतात आणि रंगाचे डबे, गॅस सिलिंडर, कीटकनाशकं, बॅटऱ्या वेचून नेतात. लिथियमच्या बॅटऱ्यांची धास्ती सगळ्यांनाच असते. इलेक्ट्रिक गाडीची किंवा भिंतीवरची सोलरची बॅटरी वरून कोळसा झालेली दिसली तरी आत वीज शिल्लक असू शकते, आणि ती काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी पुन्हा पेट घेते. म्हणून या टप्प्याच्या आधी आत फावडं मारायचं नाही. काम झालं की प्लॉटवर तशी पाटी लावतात.

दुसरा टप्पा खऱ्या मलब्याचा. लॉस एंजेलिसमध्ये तो लष्कराच्या अभियंता दलाकडे होता. घरमालकाने आत येण्याच्या परवानगीचा फॉर्म काउंटीकडे, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडे भरला की खिशातून पैसे द्यावे लागत नव्हते, पण विम्यात मलबा काढण्यासाठी वेगळी रक्कम असेल तर ती सरकारजमा होते. फॉर्मला मुदत असते, ती चुकवू नका. खाजगी ठेकेदारही लावता येतो, मात्र त्याचे परवाने आणि कचरा कुठे टाकणार ते बघून. ट्रकच्या हौद्यात आधी प्लास्टिक अंथरतात, मलबा पाण्याने भिजवून भरतात आणि वरून तेच प्लास्टिक घडी घालून गुंडाळतात. पोहण्याचा तलाव किंवा ड्राइव्हवे या योजनेत निघत नाही, त्याची सोय आपली आपण.

आता मंगळसूत्र. सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं, 22 कॅरेटचं थोडं आधी, पितळ त्याहूनही आधी. त्यामुळे देव ओळखू येतील असे मिळतील याची खात्री देता येत नाही, पण सोन्याचा गोळा तरी सापडू शकतो. कपाट कुठे होतं हे आधी कागदावर काढा. लोखंडी बाथटब, शेगडी, गिझरची टाकी जागच्या जागी उभी असतात, त्यांवरून खोल्या कळतात. दागिने वरच्या मजल्यावर होते तर तळाशी बघा, आणि छपराची कौलं सगळ्यात वर असणार हे लक्षात ठेवा. राख फवाऱ्याने हलकी ओली करायची, मगच चाळणी धरायची. टीम रुबिकॉनसारख्या संस्थांचे स्वयंसेवक या चाळण्याच्या कामाला येतात, बोलवा त्यांना, लाजू नका. एकट्या उभ्या राहिलेल्या चिमणीच्या जवळपास फिरकू नका, ती कधीही कोसळते.

तोंडाला निदान एन-95 मास्क, जमलं तर त्याहून बारीक गाळणारा पी-100. रुमाल नि सर्जिकल मास्क बिनकामाचे. मुलांना आणि गरोदर बाईला मुळीच नेऊ नका. बूट गाडीच्या बाहेरच काढून पिशवीत बांधायचे, कपडे वेगळे धुवायचे. आणि वहिनींना एवढं आवर्जून सांगा, की सापडलेली मूर्ती घरी आणून चिंच लावून सिंकमध्ये घासायची नाही. हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत, साबणाच्या पाण्याने धुवायची. ती बादली पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये.

मलबा निघाल्यावर प्लॉट अगदी लख्ख दिसतो, आणि इथे लोक फसतात. अभियंता दल घराच्या जागेतली वरची जास्तीत जास्त सहा इंच माती खरवडतं. 2018 च्या कॅलिफोर्नियातल्याच ‘कॅम्प फायर’ नावाच्या वणव्यानंतर सफाई झालेल्या प्लॉटची माती पुन्हा तपासली होती, 2025 मध्ये केंद्राच्या आपत्ती निवारण संस्थेने, म्हणजे फेमाने, ती तपासणी करायला नकार दिला. मला हा निर्णय तेव्हाही पटला नव्हता. पुढे लॉस एंजेलिस टाइम्सने स्वतः नमुने घेतले तेव्हा साफ झालेल्या काही प्लॉटवर शिसं राज्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. तेव्हा घर पुन्हा बांधायच्या आधी स्वतःच्या खर्चाने माती तपासून घ्या. मागच्या अंगणाचे, मुलं खेळतील तिथले नमुने वेगळे द्या. लॅबला निदान शिसं आणि आर्सेनिक बघायला सांगा. राहत्या घराच्या मातीत शिशासाठी कॅलिफोर्नियाची मर्यादा किलोला 80 मिलिग्रॅम आहे, अहवाल त्याच्याशी ताडून बघा.