घोडं पेंड कुठे खातंय ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सारंगखेड्याच्या यात्रेतून सहा वर्षांचा मारवाडी घोडा आणला. तिथे तो गरीब गाईसारखा उभा होता. आता अडीच महिन्यांनी प्लास्टिकची पिशवी उडाली तरी बुजतो, तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळताना चावायला येतो, पाठीवर बसलं की उधळतो. रोजची चंदी दोन वेळची मिळून चार किलो हरभरा, दोन किलो मक्याचा भरडा, वर गव्हाचा कोंडा, पावशेर गूळ आणि दुकानदाराने गळ्यात मारलेली ‘ताकदीची’ पावडर. वैरण म्हणून रात्री कडब्याच्या दोन पेंढ्या. काम म्हणाल तर रविवारी तासभर रपेट. आणि याला शांत करणारी पावडर कोणती, असं विचारताय.

कुठलीच नको. घोडं पेंड खातंय ते या चंदीत. ही म्हण इतकी शब्दशः लागू पडायचे प्रसंग कमी येतात.

मी डॉक्टर नाही. बारामतीच्या बाजूला माझे चार घोडे आहेत, वीसेक वर्षं हेच करतोय, आणि तुम्ही करताय त्या बहुतेक चुका मी आधीच करून बसलोय.

आधी हिशेब करू. मारवाडी घोडा साधारण चारशे किलोचा धरा. घोड्याला एका वेळच्या चंदीतून किती स्टार्च द्यावा, याचा सावध आकडा आहे दर किलो वजनामागे 1 ग्रॅम, म्हणजे तुमच्या घोड्याला 400 ग्रॅम. तुम्ही एका वेळी एक किलो मका आणि दोन किलो हरभरा घालताय. मक्यात निम्म्याहून बराच जास्त स्टार्च, हरभऱ्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास. बेरीज चौदाशे ग्रॅमच्या घरात जाते, गूळ वेगळाच. एवढा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, त्यात कच्च्या मक्याचा तर फारच कमी पचतो. उरलेला मागच्या मोठ्या आतड्यात उतरतो. तिथे चारा आंबवणारे सूक्ष्मजीव बसलेले असतात. त्यांच्यापुढे स्टार्च पडला की लॅक्टिक आम्ल तयार होतं, चारा पचवणारे जीव मरतात आणि घोड्याचं पोट सतत कुरकुरत राहतं. शेण पातळ, आंबट वासाचं होतंय का बघा. पोटात असं काही चाललेलं जनावर पिशवीला बुजणार नाही तर काय करेल? हे फार वाढलं तर पोटशूळ आणि खुरांची सूज. तिथे मग स्वभावाची चर्चाच संपते.

‘हरभरा गरम असतो म्हणून घोडा तापतो’ असं तुम्हाला दहा जण सांगतील. मीही मानायचो. पण हरभऱ्यातली प्रथिनं घोड्याला भडकवत नाहीत. जास्तीची प्रथिनं युरिया होऊन मुतातून जातात. सकाळी तबेल्यात शिरल्यावर डोळे चुरचुरत असतील तर तो त्याचाच वास. भडका उडतो तो स्टार्चचा आणि न खर्चलेल्या ताकदीचा. आपण माणसांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतो, तुम्ही घोड्याला चढवलंत एवढंच.

आता तंगाचं. तंग आवळताना चावणं याला लोक ‘खोड’ म्हणतात आणि थोबाडीत मारतात. मीही मारलंय, त्याची आजही लाज वाटते.

माझ्याकडे एक काठेवाडी घोडी होती, चंद्री. तंगाला हात लावला की कान मागे पाडायची, दात दाखवायची, आणि एकदा तिने माझा दंड असा धरला की पंधरा दिवस काळानिळा होता. मग एका सकाळी उशीर झाला म्हणून तिच्यापुढे कवळभर कडबा टाकून मी चहा प्यायला गेलो. अर्ध्या तासाने खोगीर चढवलं तर नुसती शेपटी झाडली. दुसऱ्या दिवशी रिकाम्या पोटी तंग आवळला, पुन्हा दात. आठ दिवस हा खेळ करून पाहिला तेव्हा डोक्यात उजेड पडला, की खोड कसली, बाईचं पोट दुखतंय.

माणसाच्या पोटात आम्ल जेवणाच्या सुमारास वाढतं. घोड्याच्या पोटात ते चोवीस तास पाझरत असतं, खायला असो वा नसो. ते शमवणारी लाळ मात्र घोडा चावत असेल तेव्हाच सुटते. एक किलो कोरडा चारा चावायला त्याला चाळीसेक मिनिटं लागतात, एक किलो दाणे दहा मिनिटांत फस्त होतात. म्हणजे तुमचा घोडा दोन पेंढ्या आणि दोन तोबरे मिळून दिवसाचे दोन-तीन तास चावतो, आणि बाकी सगळा वेळ आम्ल रिकाम्या पोटाला खातं. मोकळ्या रानातला घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो. त्यात पोटाच्या वरच्या भागाला आम्लापासून वाचवणारं अस्तर नसतं. रिकाम्या पोटी घोडा पळवला की आम्ल हिंदकळून तिथवर जातं आणि जखमा होतात. पोटात चारा असेल तर त्याचा थर तरंगत राहतो आणि हे हिंदकळणं थांबतं. शर्यतीच्या घोड्यांमध्ये अशा जखमा इतक्या सर्रास आढळतात, की नसलेला घोडा शोधावा लागतो.

या जखमा बघायला तीन मीटर लांबीची दुर्बीण लागते, ती आमच्या डॉक्टरांकडे नव्हती. त्यांनी लक्षणांवरून महिनाभर ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध दिलं, आणि माझी चंदीची पद्धत बघून कपाळाला हात लावला. दाणे निम्मे झाले, दोनाचे चार तोबरे झाले, लसूणघास सुरू झालं. त्यात कॅल्शियम भरपूर असतं, पोटातल्या आम्लाला तेवढाच उतारा. तिसऱ्या आठवड्यात चंद्री तंग आवळताना फक्त एक कान माझ्याकडे वळवायची. दात नंतर कधी दाखवले नाहीत. नंतरची सहा वर्षं माझ्या मुलीने तिच्यावर रपेट केली.

तेव्हा तुम्ही काय करायचं? मका उद्यापासून बंद. मक्याबद्दल माझं मत तसंही वाईट आहे, कारण पावसाळ्यात त्याला बुरशी लागते, आणि बुरशीच्या मक्यातलं विष घोड्याच्या मेंदूवर जातं. असा घोडा आंधळ्यासारखा चालतो, भिंतीला डोकं लावून उभा राहतो, गोल गोल फिरतो. लोक म्हणतात पिसाळला. त्यातून घोडा सहसा वाचत नाही. हरभरा आठ-दहा दिवसांत उतरवत एक किलोवर आणा, भिजवून, तीन वेळा विभागून. ताकद कमी पडली तर ओट घाला, त्यातला स्टार्च दाण्यांमध्ये सगळ्यात सहज पचतो. गूळ चाखण्यापुरता. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम नगण्य, वर्षानुवर्षं घातला तर तोंडाची हाडं फुगतात. तेव्हा मूठभर ठीक, घमेलंभर नको.

आणि वैरण वजनकाट्यावर घालून बघा. या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो सुका चारा पाहिजे. तुमच्या दोन पेंढ्या तीन किलो भरल्या तर नशीब. कडब्याची कुट्टी, थोडं सुकवलेलं लसूणघास, जे मिळेल ते चार-पाच वेळा टाका, सगळ्यात मोठा वाटा रात्री. खोगीर चढवण्याआधी कवळभर चारा न चुकता. पाणी कायम भरलेलं हवं, सुका कडबा आणि कमी पाणी ही पोटशूळाची हमी. हिरव्या ज्वारीवर मात्र घोडा चरायला सोडू नका. कोवळ्या ज्वारीत विष असतं, आणि ती दिवसचे दिवस खाल्ली तर मूत्राशय सुजून मागचे पाय लटपटायला लागतात.

अंगावर मांस हवं असेल तर तेल. घोड्याला पित्ताशय नसतं तरी तेल चांगलं पचतं, फक्त हळूहळू वाढवायचं. पन्नास मिलिलिटरपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत दोनशेपर्यंत. स्टार्चऐवजी तेलातून ताकद मिळालेले घोडे कमी दचकतात, असं काही चाचण्यांत दिसलंय, आणि माझ्या तबेल्यात तरी तसंच घडलं. लग्नाच्या घोड्यांना तूप पाजतात त्यात तेवढं तथ्य आहे, पण तुपाच्या भावात तेलाचा डबा येतो.

शांत करणाऱ्या पावडरींत बहुतेक मॅग्नेशियम, ट्रिप्टोफॅन (प्रथिनांतला एक घटक) किंवा बी-1 जीवनसत्त्व असतं. यातलं काही खरोखरच कमी पडत असेल तर दिल्याने फरक पडतो. चारा नीट खाणाऱ्या घोड्याला ते सहसा कमी पडत नाही, आणि ट्रिप्टोफॅनच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी भांडतात. व्हॅलेरियन नावाच्या मुळीने गुंगी येते खरी, पण आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तिला बंदी आहे, यावरून काय ते समजा.

मला भीती आहे ती तुमच्या ताकदीच्या पावडरीची. त्यात सेलेनियम हे खनिज असेल आणि वर आणखी एखाद्या पावडरीत असेल तर? घोड्याला ते दिवसाला दोन-तीन मिलिग्रॅम लागतं, ग्रॅम नव्हे. एप्रिल 2009 मध्ये फ्लोरिडातल्या वेलिंग्टनला पोलोच्या मोठ्या स्पर्धेआधी एकाच संघाचे 21 घोडे पटापट कोसळून मेले. त्यांना टोचलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणात सेलेनियमचं प्रमाण चुकलं होतं. कोट्यवधींची जनावरं, हाताशी डॉक्टर, तरी ही गत. आणि पावडर संपली म्हणून कोंबड्यांचं किंवा गाईंचं खाद्य कधी घालू नका. कोंबड्यांना देतात ते मोनेन्सिन नावाचं औषध घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारतं, आणि अगदी थोडं पुरतं.

एवढं सगळं करून घोडा रविवारपर्यंत बांधूनच राहणार असेल तर माझं उत्तर वाया गेलं. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, हे कोडं तुम्हालाही आजीने घातलं असेलच. घोडा का अडला याचं एक उत्तर अक्षरशः स्नायूंत आहे. पूर्वी गाडीच्या घोड्यांना रविवारी सुट्टी असायची पण चंदी पूर्ण मिळायची, आणि सोमवारी जुंपल्यावर पुठ्ठे दगडासारखे होऊन घोडे जागच्या जागी अडायचे, कॉफीच्या रंगाचं मुतायचे. परदेशात त्याला सोमवारचा रोगच म्हणतात. सुट्टीच्या दिवशी दाणे निम्म्याहून कमी, आणि रोज अर्धा तास तरी हाताने फिरवणं, एवढं जमवा. यात्रेत तो शांत होता तो बहुधा प्रवासाने दमलेला, शेकडो घोड्यांत उभा, दिवसभर फिरवलेला होता म्हणून. तुमच्याकडे तो एकटा आहे, तेही एक दुखणंच.

चंदी बदलल्यावर तीन-चार आठवडे द्या, पोटातल्या जीवांना तेवढा वेळ लागतोच. तोवर लहान मुलांना पाठीवर बसवू नका. तरीही तंगाला चावत असेल तर डॉक्टरांना बोलवा, दात आणि पाठ तपासून घ्या, खोगीर कुठे रुततंय ते बघा. पावडरीचा डबा मात्र आज फेकून देऊ नका. मागच्या लेबलचा फोटो खाली टाका, सेलेनियम किती लिहिलंय ते वाचून सांगतो.