पेंग्विन महिनोन्‌महिने बर्फावर उभे असतात, तरी त्यांचे पाय गोठत का नाहीत?

पेंग्विन पाय गरम ठेवत असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो ते मुद्दाम थंड ठेवतो. शरीराचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर कडाक्याच्या थंडीत तळव्याचं शून्याच्या जेमतेम एक-दोन अंश वर. पेशींत बर्फाचे स्फटिक होणार नाहीत एवढीच ऊब तिथवर पोचते. तळवा बर्फाइतकाच गार असेल तर बर्फाला ओढून घ्यायला उष्णता उरतच नाही.

हे जमतं रक्तवाहिन्यांच्या मांडणीमुळे. पायाच्या वरच्या भागात खाली येणाऱ्या रोहिण्या आणि वर जाणाऱ्या नीला एकमेकींना लगटून असतात. उतरणारं गरम रक्त वाटेतच आपली उष्णता शेजारून परतणाऱ्या थंड रक्ताला देऊन टाकतं आणि ती तशीच धडाकडे परत जाते. शिवाय गारठा वाढला की रोहिण्या आकुंचन पावतात, पण प्रवाह पुरता बंद होत नाही, आणि माझ्या मते खरी करामत इथेच आहे. माणसाला हिमदंश होतो तेव्हा शरीर धड वाचवण्यासाठी बोटांचं रक्त जवळजवळ तोडतं, आणि बोटं गोठतात.

मग इतक्या थंड पायाने चालता कसं येतं? बोटं हलवणारे स्नायू बहुतांशी वर, पिसांच्या उबेत असतात आणि लांब कंडरांनी (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांनी) बोटं ओढतात. गारठलेला स्नायू मंदावतो, कंडरेला फारसा फरक पडत नाही.

सगळ्यात कठीण परीक्षा एम्परर पेंग्विनच्या नराची. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात, उणे ४० अंशांपर्यंतच्या थंडीत, तो सुमारे ६५ दिवस पायांवर अंडं घेऊन उभा असतो, तेही उपाशी. पाय अंड्याला फक्त बर्फापासून उचलून धरतात. ऊब मिळते ती पोटाच्या पिसं नसलेल्या कातडीची. मादीकडून अंडं घेताना ते बर्फावर घरंगळलं आणि लगेच उचललं गेलं नाही, तर आतलं पिल्लू गेलंच. थंडी फार झाली की नर टाचा आणि शेपटीवर भार देऊन बोटं वर उचलतात, म्हणजे बर्फाचा स्पर्श कमी. नर एकमेकांना चिकटून घोळका करतात तेव्हा मात्र घोळक्याच्या आतलं तापमान २० अंशांच्याही वर जातं. अंगात उष्णता जास्त झाली की त्याच रोहिण्या रुंदावतात आणि नको असलेली उष्णता पायांवाटे बाहेर टाकतात.

आर्क्टिक कोल्ह्याच्या पंजांत आणि रेनडिअरच्या पायांतही अशीच व्यवस्था असते. बहुतेक माशांना तिचा उपयोग नाही, कारण त्यांचं अख्खं अंगच पाण्याइतकं थंड असतं. खारं पाणी उणे १.९ अंशांपर्यंत द्रव राहतं, पण बहुतेक माशांचं रक्त त्याआधीच गोठेल. अंटार्क्टिकातल्या नोटोथेनिऑइड माशांच्या रक्तात म्हणून खास प्रथिनं असतात. ती बर्फाच्या सूक्ष्म कणांना चिकटतात आणि त्यांना वाढू देत नाहीत. शास्त्रज्ञ आर्थर डीव्हरीज यांनी १९६० च्या दशकात ती शोधून काढली.