आठ जणांचं विमानाचं तिकीट काढायचंय, पण एकाचं येणं नक्की नाही. सगळ्यांचं एकत्र काढू की त्याचं थांबवू?

तुमचा प्रश्न मला असा कळला: पुण्याहून चार जोडपी, म्हणजे आठ जण, जानेवारीच्या शेवटी अंदमानला निघालात. एका मित्राच्या बँकेत नेमकं त्याच सुमारास ऑडिट लागेल अशी भीती आहे आणि रजेचं डिसेंबरशिवाय कळणार नाही. इकडे तिकिटं रोज चढतायत. तर आठही काढून मग एक रद्द करायचं, की सात काढून त्याचं थांबवायचं?

माझं मत विचाराल तर आठही आजच काढा, पण एका बुकिंगमध्ये काढू नका. ज्याचं नक्की नाही त्याचं वेगळं काढा, आणि ते त्याने स्वतः, स्वतःच्या कार्डावरून काढावं.

आमच्या भिशीची आणि सासर-माहेरची तिकिटं काढायचं खातं गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. पगार नाही, शिव्या भरपूर. पहिल्या काशीच्या ट्रिपला मी आम्हा नऊजणींची तिकिटं एका दमात, एका पोर्टलवरून, माझ्या कार्डावर काढली होती. किती सोपं, म्हणून स्वतःवरच खूश होते. मग एकीच्या सुनेची तारीख अलीकडे आली आणि ती गळाली. तिचं एक तिकीट रद्द केलं. विमान कंपनीचा दंड कापला गेला, वर पोर्टलने स्वतःची वेगळी फी कापली, आणि बुकिंग करताना घेतलेली 'कन्व्हिनियन्स फी' तर गेलीच. उरलेले पैसे माझ्या कार्डावर आले, कारण पैसे ज्या कार्डावरून जातात तिथेच परत येतात. तिने मला दिलेले साडेअकरा हजार आणि मी तिला परत देऊ केलेले पाच हजार काही, यातला फरक तिला पटवता पटवता दिवाळी गेली. शेवटी दोन हजार मी पदरचे घातले. म्हणून सांगते, त्याचं तिकीट त्याच्याच कार्डावर. फोनवर बोलत बोलत दोघांनी एकाच वेळी काढा हवं तर, पण पैसे त्याचे त्याने भरू देत. मग दंडाचा आकडा त्याला कंपनी सांगेल, तुम्हाला सांगावा लागणार नाही.

वेगळ्या तिकिटाचं दुसरं कारण जास्त व्यावहारिक आहे. एका पीएनआरवर, म्हणजे एका बुकिंग नंबरवर, सगळ्यांना बहुधा एकाच प्रकारचं भाडं लागतं. स्वस्तातलं घेतलंत तर स्वस्तातल्या अटी सगळ्यांना. त्या एकासाठी कमी दंडाचं, थोडं महाग भाडं घ्यायचं म्हटलं तर आठहीजणांना ते घ्यावं लागतं. तो वेगळा असला की तेवढ्यापुरतं 'फ्लेक्सी' वगैरे नावाने मिळतं ते भाडं घेता येतं आणि बाकीचे सात स्वस्तात बसतात. मात्र त्या महाग भाड्यात रद्द करायला खरंच कमी दंड आहे, की नुसती तारीख बदलायची सवलत आहे, हे वाचून घ्या. नाव सगळ्यांचं सारखंच गोड असतं. पोर्टलवाले 'झीरो कॅन्सलेशन' म्हणून जे विकतात त्यालाही कलमं असतात: किती तास आधी रद्द केलं तर, किती रकमेपर्यंत, वगैरे.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. विमानातल्या सगळ्या सीट एका भावाच्या नसतात, भावाच्या पायऱ्या असतात. सर्वांत खालच्या पायरीवर पाचच सीट उरल्या असतील आणि तुम्ही एकदम आठ मागितल्या, तर यंत्रणा तुमच्यासाठी पाच स्वस्त आणि तीन महाग असं करत नाही. जिथे आठ एकत्र मिळतात ती वरची पायरी ती सगळ्यांना लावते. म्हणून तिकीट काढायच्या आधी एका माणसाचा भाव बघा, मग आठांचा. माणशी आकडा वेगळा दिसला तर समजायचं की खालच्या पायरीवर सीट कमी आहेत. मग तीन, चार, पाच असे आकडे टाकून बघा, भाव कुठे उडी मारतो ते कळतं. मी तर चहा पीत पीत हा खेळ अर्धा तास करते.

आता थांबण्याचा हिशोब. समजा आज जाऊन-येऊन माणशी 20,000 पडतंय. रद्द केलं तर दोन्ही बाजूंचा दंड मिळून 8,000 जातील. दंड माणशी आणि दर बाजूचा वेगळा लागतो, हे लोक विसरतात. आणि डिसेंबरपर्यंत थांबलात तर समजा तेच तिकीट 26,000 ला मिळेल. म्हणजे आज काढून तो आला नाही तर 8,000 चा फटका, आणि थांबून तो आला तर 6,000 चा. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण या हिशोबात त्याचं येणं निम्म्याहून बऱ्यापैकी जास्त शक्य असेल तर आजच काढणं परवडतं. पन्नास-पन्नास असेल तर पैशांत थांबणं किंचित बरं. पण अंदमानला पुण्याहून बहुधा मध्ये चेन्नई किंवा कोलकात्यासारख्या ठिकाणी विमान बदलावं लागतं. ऐन वेळी तुमच्या वेळेचं पुढचं विमान भरलेलं निघालं तर तो सहा तास विमानतळावर एकटा बसेल. ते पैशांत मोजता येत नाही.

त्याच्या तिकिटाचे दोन्ही टप्पे, म्हणजे पुणे ते चेन्नई आणि चेन्नई ते श्री विजयपुरम (2024 पर्यंतचं पोर्ट ब्लेअर), एकाच तिकिटावर असू द्या. स्वस्त पडतं म्हणून दोन टप्पे दोन कंपन्यांकडून वेगवेगळे काढले आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरीवाली कंपनी थांबत नाही आणि भरपाईही देत नाही. जाण्याचं आणि येण्याचं मात्र वेगळं काढायला हरकत नाही, उलट बरंच. त्याचं कारण माझी जाऊबाई.

जाऊबाईंचं आमच्याबरोबर जाऊन-येऊन तिकीट होतं. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, मी आधी लेकीकडे दिल्लीला जाते, तिथून परस्पर येते, येताना आहेच तुमच्याबरोबर. जातानाचं तिकीट तसंच सोडून दिलं, कुणाला काही कळवलं नाही. परतीच्या दिवशी काउंटरवर कळलं की पहिल्या विमानात बसला नाहीत म्हणून पुढचं सगळंच रद्द झालंय. सगळ्या कंपन्यांत असं होतंच असं नाही, पण एकाच तिकिटावर जाणं-येणं असेल तर अनेक ठिकाणी हाच नियम असतो. तुमचा मित्र "दोन दिवस उशिरा येतो" म्हणण्याची शक्यता भरपूर आहे. ऑडिट संपलं की माणूस धावतच येतो. जाण्याचं-येण्याचं वेगळं असेल तर एक रद्द करून दुसरं वापरता येतं.

कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल, "रद्द कशाला करता, त्याच्या जागी माझ्या मेहुण्याला पाठवा." तसं होत नाही. रेल्वेत कन्फर्म तिकीट आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलं यांच्या नावावर करून मिळतं, त्यासाठी गाडी सुटायच्या 24 तास आधी अर्ज द्यावा लागतो. विमानात एकाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही. नावं नंतर द्यायची सवलत ग्रुप बुकिंगला असते, पण ते दहा माणसांपासून पुढे. तुम्ही आठ आहात. त्यासाठी आणखी दोघांना गळ घालू नका, ते दोघंही गळतील.

रद्द करायची वेळ आलीच तर हे लक्षात ठेवा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, परताव्याचे नियम आहेत. दंड मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. सरकारी कर आणि विमानतळाचं वापर शुल्क परत द्यावंच लागतं, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी आणि माणूस न कळवता आला नाही तरी. ही रक्कम कधी कधी हजाराच्या वर असते आणि निम्मे लोक ती मागतच नाहीत. थेट कंपनीकडे क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर सात दिवसांत परतावा. आणि पैसे परत हवेत की कंपनीकडे पुढच्या प्रवासासाठी ठेवायचे, हे आपण ठरवायचं. परस्पर 'क्रेडिट' म्हणून जमा करून टाकणं चालत नाही. शिवाय बुकिंगनंतरच्या पहिल्या 48 तासांत (2026 च्या बदलाआधी 24 होते), तिकीट थेट कंपनीच्या वेबसाइटवरून काढलं असेल आणि प्रवासाला निदान सात दिवस असतील तर, दंडाशिवाय रद्द करता येतं. त्यामुळे आज रात्री काढलंत आणि सकाळी त्याच्या साहेबाने नाही म्हटलं तर फारसं बिघडत नाही.

रद्द करायची घाई मात्र नको. बऱ्याच भाड्यांत दंडाचे टप्पे असतात आणि शेवटच्या तीन-चार दिवसांत तो वाढतो. त्याच्या आधी कधीही रद्द केलं तरी रक्कम तीच. तोवर कंपनीनेच विमानाची वेळ मोठ्या फरकाने बदलली किंवा विमानच रद्द केलं, तर पूर्ण पैसे परत मागता येतात. दोनदा माझं तसं नशीब फळफळलंय.

एकत्र बुकिंग आधीच झालं असेल तरी आभाळ कोसळलेलं नाही. कंपनीच्या वेबसाइटवर तेवढंच नाव निवडून रद्द करता येतं, किंवा फोन करून पीएनआर फोडून घ्यायचा. बाकीच्यांच्या तिकिटाला धक्का लागत नाही. फक्त उत्साहाच्या भरात सगळ्यांचं वेब चेक-इन एकदम करू नका. चेक-इन झालेल्या माणसाचं तिकीट रद्द करायला आधी ते चेक-इन मागे घ्यावं लागतं आणि शेवटच्या तासांत ती कसरत नको वाटते.

वेगळ्या बुकिंगचे तोटेही आहेत. सीट शेजारी हव्या असतील तर पैसे देऊन निवडाव्या लागतील. काउंटरवर सगळ्यांचं सामान एकत्र वजन करून एकाचं कमी-दुसऱ्याचं जास्त असं जे चालवून घेतात, ते एकाच पीएनआरवाल्यांचं. आणि विमान रद्द झालं तर कंपनी त्याला वेगळ्या विमानात घालू शकते. म्हणून कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकाच ग्रुपचे आहेत अशी नोंद करून घ्या. कुणाबरोबर लहान मूल असेल तर ते आई किंवा बाबांच्याच पीएनआरवर हवं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या पालकाशेजारी सीट द्या, असं डीजीसीएने 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलंय.

विमानाच्या दंडापेक्षा हॉटेल जास्त रडवतं, हेही ठरवून ठेवा. गाडी आठांत वाटलेली, ती सातांत वाटायची का? स्वराज द्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक बेट) जायच्या बोटीचं तिकीट नावानिशी असतं, ते त्याच्यापुरतं डिसेंबरनंतर काढलं तरी चालेल. पण खोलीचं काय? तो आला नाही तर त्याची बायको एका खोलीत एकटी, भाडं पूर्ण.

आणि इथेच तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला खटकली. तुम्ही "एकाचं नक्की नाही" म्हणताय. नवऱ्याला रजा मिळाली नाही तर बायको सहा जणांबरोबर अंदमानला येणार आहे का? काही येतात, आमच्या भिशीतल्या तर आनंदाने येतील. पण बऱ्याच जणी नाही येत, आणि हे आदल्या आठवड्यात कळतं. ती येणार असेल तर तिला तुमच्या पीएनआरवर घ्या, सात आणि एक. येणार नसेल तर सहा आणि दोन. आज रात्री मित्राला फोन कराल तेव्हा त्याला ऑडिटचं विचारत बसू नका. फोन वहिनींकडे द्यायला सांगा.